सिंगापूर, साडेपाच तास

मला कुणी "जमेल का?" असं विचारलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. जमणार नसतं तर मी पदर खोचून बसले असते काय? पण निकेतसाहेबानं नेमकं तेच विचारलं. तेही दहा बायकांच्या समोर, आमच्या खाडीच्या बांधावर उभं राहून, पायातले पांढरे बूट चिखलापासून वाचवत.

"मावशी, तुमची चिंबोरी सिंगापूरपर्यंत जिवंत पोचेल? जमेल का?"

आता मी कोण ते सांगते, म्हणजे त्याचं किती चुकलं ते कळेल. मी किशोरी, खाडीकोंडातल्या चंदरची बायको. बोर्ली पंचतनच्या बाजारात मी चिंबोऱ्या बांधायला बसले की पाव घ्यायला निघालेली माणसं पिशवी हातात धरून बघत उभी राहतात. आमची चिंबोरी म्हणजे खाडीतला मोठा खेकडा, तळहाताएवढ्या नांग्यांचा. बोट सापडलं तर हाडापर्यंत चावतो. त्याच्या दोन्ही नांग्या अंगाशी दाबायच्या, नायलॉनची दोरी फिरवायची, गाठ मारायची. दुसऱ्या बाया मिनिट घेतात. मी बोलता बोलता दहा मोजायच्या आत एक बांधते, आणि अठ्ठावीस वर्षांत माझं बोट एकदाही सापडलेलं नाही.

निकेतला गावात घेऊन आली होती माझीच लेक नेत्रा. नवी मुंबईत जिवंत मासळी परदेशी पाठवणारी एक कंपनी आहे, तिथं ती आठ महिन्यांपूर्वी लागली. निकेत तिचा साहेब. कंपनीला रायगडच्या चिंबोऱ्या हव्या होत्या, पण बांधायचं काम ते स्वतःच्या शेडमध्ये करणार होते. नेत्रा साहेबाला म्हणाली, बांधायचं काम आमच्या गावातच ठेवा, माझ्या आईसारखा हात तुम्हाला कुठं मिळणार नाही. साहेब म्हणाला, दाखव. म्हणून हा एक डाव ठरला. चाळीस चिंबोऱ्यांचं एक खोकं आम्ही भरायचं, त्यावर आमच्या गावाचं नाव घालायचं, आणि ते विमानानं सिंगापूरला जायचं. तिथं खोकं उघडल्यावर चारपर्यंत मेलेल्या चालतील. पाचवी मेली की काम शेडमध्ये गेलं, गावातल्या अकरा बायका घरी बसल्या, आणि नेत्राच्या शब्दाला तिच्या हापिसात कुणी विचारणार नाही.

आणि गावाचं नाव ही काय लहान गोष्ट झाली? आजवर आमच्या चिंबोऱ्या व्यापारी गोणीत कोंबून नेत होते. पुढं त्या कुणाच्या नावानं विकल्या जात होत्या देव जाणे. आमच्या चिखलातला माल आणि नाव भलत्याचंच!

"सिंगापूर लांब किती?" मी विचारलं.

"मुंबईपासून तीन हजार नऊशे किलोमीटर."

"अगो बाय!" बायकांतली रतन म्हणाली, आणि तिनं तोंडावर हात ठेवला.

"पण विमानाला साडेपाच तासच लागतात," निकेत म्हणाला.

मला हसूच फुटलं. "साडेपाच तास? अरे साहेबा, एक ओहोटी पण पुरी न्हाय झाली! आमची चिंबोरी रोज सहा तास उघड्या चिखलात बसते, भरती येईपर्यंत. तुझ्या साडेपाच तासांत माझी चिंबोरी सिंगापूरला जाईल, बाजार फिरंल आन माघारी येईल!"

सगळ्या बायका हसल्या. निकेतही हसला. मी खूश. तेवढ्यात बांधाच्या टोकाला बारक्या चिंबोऱ्या निवडत बसलेली माझी मोठी जाऊ, तुळशीवहिनी, मान वर न करता म्हणाली, "विमान आपल्या बांधावरनं सुटतं काय?"

पोरीबाळी खिदळल्या. आणि मी, जिभेला हाड नसलेली बाई, पटकन बोलून गेले, "वहिनी, पालीच्या गणपतीच्या पुढं तुमचं पाऊल कधी पडलं न्हाय, आन विमानाच्या गोष्टी काय करता?"

तुळशीवहिनी अडुसष्ट वर्षांची. विधवा. मी लग्न होऊन आले तेव्हा चिंबोरी कशी धरायची ते मला तिनंच शिकवलेलं. तिनं पाटी उचलली आणि घराकडं गेली. मला वाटलं, जिंकले.

संध्याकाळी जेवणं व्हायच्या आधी नेत्रा वही घेऊन माझ्यासमोर बसली. "आई, नीट ऐक हां. मंगळवारी सकाळी सहाला टेम्पो इथनं निघेल. दुपारी आमच्या शेडमध्ये, तिथं तपासणी आणि कागद. चारच्या सुमाराला विमानतळावर. विमान रात्री साडेअकराला. तिथं पोचेल सकाळी साडेसातला."

मी बोटं मोजली. "साडेअकरा ते साडेसात आठ तास झाले गो. साडेपाच कुठनं आणलेस?"

"त्यांचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढं आहे. आपल्याकडं तेव्हा पहाटेचे पाच वाजलेले असतात."

"आन भरती? ती पण अडीच तास आधी येते काय तिथं?"

"आई, मस्करी नको ना. तिथं उतरल्यावर परत तपासणी, मग गाडी, मग खोकं उघडणार. आपल्या घड्याळात बुधवारी दुपारचे बारा."

तिनं वहीत खाली आकडा लिहिला आणि त्याच्याभोवती गोल काढला. तीस तास.

माझ्या हातातली पळी तशीच राहिली. तीस! मी सगळ्या गावासमोर साडेपाच तासांवर छाती काढून बसले होते. आमचं हे असंच. होडीवाल्याला विचारा मुरूड किती लांब, तो सांगेल एक भरती. घरापासून होडीपर्यंत किती, आणि धक्क्यापासून बाजारापर्यंत किती, ते कुणी धरतच नाही. समुद्रावर असाल तेवढाच प्रवास. मीही तसंच केलं. आकाशातलं तेवढं मोजलं आणि बाकी सोडून दिलं. तुळशीवहिनीनं मात्र बांधापासून मोजलं होतं.

तशी चिंबोरी ओल्या गोणपाटात दोन दिवस आरामात राहते, त्याची मला भीती नव्हती. पण नेत्रा म्हणाली, गोणपाट चालणार नाही. खोक्यातनं पाण्याचा एक थेंब गळला तर ते खोकं विमानात चढवतच नाहीत. शिवाय कार्गोची, म्हणजे विमानाच्या मालाची, खोली थंड आणि कोरडी, यंत्राचा वारा सारखा चालू. कोरड्यात ठेवलेल्या चिंबोरीच्या तोंडाला दुसऱ्या दिवशी फेस येतो. फेस आला की तिचं संपलं. आणि माझी नायलॉनची दोरी, जिच्या जोरावर मी दहा मोजायच्या आत बांधते, ती ओल धरते काय? टिपूसभर सुद्धा नाही.

रात्रभर मी या कुशीवरनं त्या कुशीवर. सकाळी उठले आणि तुळशीवहिनीच्या दारात जाऊन उभी राहिले. ती ओटीवर तांदूळ निवडत होती. माफी मागायची मला सवय नाही.

"वहिनी, काय सांगायचं असंल तर सांगा, न्हायतर मी जाते," मी म्हटलं. हे असं बोलतात काय कुणाकडं मदत मागायला? पण मी बोलले.

दुसरी कोणी असती तर म्हणाली असती, गर्वाचं घर खाली. वहिनीनं सूप बाजूला ठेवलं. "किती तास?"

"तीस."

"बस."

ती आत गेली आणि ट्रंकेतनं जुनं सुती लुगडं घेऊन आली. हिरवं, विरलेलं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. काठ दातात धरला आणि टर्रकन फाडलं. बोटभर रुंदीची पट्टी निघाली. ती पट्टी तिनं बादलीतल्या खाडीच्या पाण्यात बुडवली, दोन्ही हातांनी पिळली, इतकी की थेंब पडेना. मग पाटीतली एक चिंबोरी उचलून तिच्या नांग्यांवरनं घेतली, खाली आणली आणि गाठ मारली ती पाठीवर नाही, बरोबर तोंडाच्या खाली, जिथनं चिंबोरी श्वास घेते तिथं.

"ओल तोंडाला पायजे, पाठीला न्हाय," ती म्हणाली. "आमच्या वेळी चिंबोऱ्या लाँचनं मुंबईला जायच्या. वारा फिरला का लाँच दिघीच्या बंदरात दोन-दोन दिवस पडून. सगळ्यांचा माल सडायचा. माझ्या सासूचा न्हाय सडायचा. ही गाठ तिची. मंग रस्ता झाला, टेम्पो आला, नायलॉन आला. कोणाला पायजे ही गाठ?"

मी म्हटलं, "विमान काय लाँचसारखं दोन दिवस पडून राहतंय?"

"यंत्र हाय ना? मंग राहतंय," वहिनी म्हणाली.

पौषातली अवस गाठून चंदर आणि बाकीचे चिंबोऱ्या घेऊन आले. अवसेची चिंबोरी भरलेली असते, पुनवेची पोकळ, हे आमच्याकडचं पोर पण सांगेल. एकेक अशी जड की हातात घेतल्यावर समाधान वाटावं. मंगळवारी पहाटे अंधारातच आम्ही अकरा जणी वहिनीच्या ओटीवर बसलो. चाळीस पट्ट्या फाडून खाडीच्या पाण्यात घातलेल्या. कुणाच्या आजीचं लुगडं, कुणाच्या आईचं. जांभळ्या, हिरव्या, लाल पट्ट्या. वहिनी मधे बसून प्रत्येकीची गाठ बघत होती.

रतनची गाठ पास. नूतनची पास. दिशा तर काल लग्न होऊन आली म्हणा, तिची पण पास! आणि माझी?

वहिनीनं माझी गाठ बोटानं चाचपली आणि सोडली. "खेचलीस. पीळ जास्त बसला, सगळी ओल गेली. परत."

दुसरी बांधली. सोडली. "घाई करतेस."

तिसरी बांधली. तिनं तीही सोडली. दहा जणींच्या समोर! कुणी हसलं नाही, ते जास्त झोंबलं. माझ्या हाताला सवय झटक्याची. तो सुती चिंधीला हळुवार धरेचना. मी म्हटलं, "बांधा तुम्हीच. मी खोकं भरते," आणि त्या तीन सुटलेल्या चिंबोऱ्या घेऊन खोक्याकडं जाऊन बसले.

आता खोटं कशाला बोलू? मी कमरेला खोचलेली नायलॉनची दोरी काढली, बायकांकडं पाठ केली, आणि त्या तिन्ही चिंबोऱ्या माझ्या पद्धतीनं बांधल्या. तीस मोजायच्या आत तिन्ही. खोक्याच्या तळाला घातल्या आणि वरनं बाकीच्या रचल्या. मला वाटत होतं, सिंगापूरला खोकं उघडेल तेव्हा त्यात माझा हात नको? सगळं गाव ज्या हाताचं नाव घेतं तो हातच नाही? आणि त्या जगल्या तर वहिनीला तोंडावर सांगता येईल, बघा, माझीही गाठ पोचली. चारपर्यंत मेलेल्या चालणार होत्या. तीन गेल्या तरी काय बिघडतंय, असंही मनात आलं. इतकी मी मूर्ख.

खोकं बंद झालं. नेत्रानं वर कागद चिकटवला. खाडीकोंड, जिल्हा रायगड. बायकांनी त्या कागदावर हात फिरवून बघितला. नूतननं फोटो काढला. सहाच्या ठोक्याला टेम्पो निघाला आणि आम्ही सगळ्या रस्त्यापर्यंत त्याच्या मागं चालत गेलो, नवरीला पोचवायला जातात तशा.

बुधवारी सकाळी सातला नेत्राचा फोन आला. आवाजावरनंच कळलं.

"आई, विमान उडालंच नाही. काहीतरी बिघाड. सगळा माल कार्गोच्या खोलीत पडून आहे. पुढचं विमान आज रात्री साडेअकराला."

"म्हणजे?"

"म्हणजे चोवीस तास वाढले. उघडेपर्यंत चोपन्न होतील. साहेबांशी बोल."

निकेत फोनवर आला. त्या दिवशी पहिल्यांदा त्याचा आवाज मला माणसासारखा वाटला. "मावशी, खोकं परत घेऊ का? आता काढलं तर मी वर सांगतो की विमानाचा घोळ झाला, तुमच्यावर ठपका नाही. काम शेडमध्ये जाईल, दुसरी संधी कंपनी देणार नाही, पण गावाचं नाव तरी खराब होणार नाही. पाठवलं आणि तिथं मेलेलं खोकं उघडलं, तर तो माणूस रायगडचा माल पुन्हा घेणार नाही. नेत्राला पण जड जाईल. दहा मिनिटांत सांगा."

दहा मिनिटं! मी फोन तसाच हातात धरून तुळशीवहिनीच्या घराकडं पळाले. वाटेत माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. नायलॉनच्या तीन चिंबोऱ्या चोपन्न तास कोरड्यात. त्या जातात. देव आला तरी जातात. म्हणजे चारातल्या तीन जागा मी आधीच खाल्ल्या होत्या. उरलेल्या सदतिसांत एकच मरायला मुभा. अकरा घरांचं काम, माझ्या लेकीचा शब्द, गावाचं नाव, सगळं एका चिंबोरीवर आणून ठेवलं मी. कशासाठी? तर तीन गाठी सोडल्या म्हणून!

बातमी माझ्या आधीच पोचली होती. सगळ्या बायका ओटीवर जमल्या होत्या. मी वहिनीला सांगितलं, चोपन्न तास, परत घेऊ काय म्हणून विचारतोय.

वहिनीनं डोळे मिटून बोटांवर मोजलं. मग मला हाताला धरून आत नेलं, पाण्याच्या पिंपापाशी, बाकीच्यांना ऐकू जाणार नाही अशी.

"माझ्या जित्या पोचतील," ती म्हणाली. "तुझ्या तिघींचं तू सांग."

"तुम्हाला कसं..."

"चाळीस पट्ट्या फाडल्या. तीन उरल्या. मी काय आंधळी हाय?"

"मंग तवाच का न्हाय बोललात?"

"बोलले असते तर तू ऐकली असतीस?"

खरं होतं. ऐकलं नसतं. उलट खोकं लाथाडून घरी गेले असते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी रडत नाही सहसा, पण आलं. "वहिनी, माझ्या तिघी मरणार. आता तुमची एकच मेली तर चालंल. दोन मेल्या तर संपलं. काय करू?"

"ते तुलाच सांगायचं हाय. लेक तुझी हाय," वहिनी म्हणाली. "मी माझ्या गाठीचं सांगितलं."

मी तिच्याकडं बघितलं. आयुष्यभर मी फक्त स्वतःच्या हातावर पैज लावली. दुसऱ्याच्या हातावर कधी लावली नव्हती, चंदरच्या सुद्धा नाही. तिच्या सुरकुतलेल्या बोटांवर कालच्या लुगड्याचा जांभळा रंग अजून होता. मी बाहेर आले आणि फोन कानाला लावला.

"निकेत, जाऊ दे खोकं."

"मावशी, नक्की? नीट विचार करून..."

"एकदा सांगितलं न्हाय? जाऊ दे म्हटलं ना!" मी ओरडले, आणि फोन बंद करून पायरीवर बसले.

तो दिवस कसा गेला विचारू नका. चंदरनं विचारलं, जेवतेस? मी त्याच्यावर खेकसले. ओहोटी झाली, भरती झाली, परत ओहोटी झाली. दर भरतीला मी बांधावर जाऊन पाण्याकडं बघत होते, जणू तिकडच्या चिंबोऱ्यांना इथलं पाणी लागणार होतं. रतन म्हणाली, "किशोरीचं पोर परीक्षेला बसलंय." कोणत्या तोंडानं तिला सांगू, की मीच त्या पोराची पाटी फोडून पाठवली?

गुरुवारी दुपारी बाराला सगळ्या वहिनीच्या ओटीवर. चंदरचा मोबाईल खांबाला टेकवून उभा केला. एका बाजूला नेत्रा आणि निकेत, दुसऱ्या बाजूला सिंगापूर. तिथं एक गोल चेहऱ्याचा माणूस, हातात मोजे, डोक्याला टोपी. त्यानं वरची चिकटपट्टी कापून खोकं उघडलं आणि आत वाकला.

पहिली चिंबोरी त्यानं वर काढली. लाल लुगड्याची पट्टी. त्यानं कात्रीनं पट्टी कापली मात्र, चिंबोरीनं दोन्ही नांग्या अशा फाकल्या की तो माणूस "आय्या!" करून मागं उडाला!

"आली! आली गो माझी बाय!" नूतन किंचाळली.

मग एकेक निघायला लागली. हिरवी पट्टी, जिवंत. जांभळी, जिवंत. लाल, जिवंत. निकेत मोठ्यानं मोजत होता. दहा. पंधरा. वीस. रतननं माझा दंड धरला होता, तिची नखं रुतत होती. पंचवीस. तीस. खोकं वरनं रिकामं होत होतं आणि मला माहीत होतं तळाला काय आहे. पस्तीस. छत्तीस. सदतीस.

मग त्या माणसाचा हात तळाला गेला. वर आला तेव्हा हातातली चिंबोरी हलत नव्हती. पाय लोंबत होते. त्यानं ती बाजूला ठेवली. मग दुसरी. मग तिसरी. खोकं उलटं करून दाखवलं. संपलं.

"सदतीस जिवंत, तीन डेड," निकेत म्हणाला, आणि मग ओरडलाच, "पास! मावशी, पास! चोपन्न तासांनी सदतीस! आमच्या शेडचा माल तीस तासांत एवढा राहत नाही!"

ओटीवर जो कल्ला उठला तो पलीकडच्या वाडीत ऐकू गेला असेल. बायका एकमेकींच्या गळ्यात पडल्या. दिशानं मला मिठी मारली. "किशोरीकाकी! काय हात हाय तुमचा!" रतन ओरडली, "सांगितलं नव्हतं किशोरीनं? सिंगापूरला जाऊन माघारी येईल म्हणाली होती!" पडद्यावर नेत्रा डोळे पुसत होती. "आई, साहेब सगळ्या हापिसाला सांगतायत, नेत्राच्या आईच्या हाताला तोड नाही."

मी तुळशीवहिनीकडं बघितलं. ती भिंतीला टेकून बसली होती आणि सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवत होती. माझ्यासाठी. तिच्या तोंडावर राग नव्हता, काही नव्हतं. ती कधीच बोलणार नव्हती, हे मला तिथंच कळलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी नुसती हसले असते तर जन्मभर त्या सदतीस चिंबोऱ्या माझ्या झाल्या असत्या.

पण ते मला नाही जमलं. मला जमत नाही अशा गोष्टी फार थोड्या आहेत, ही त्यातली एक निघाली.

"थांबा! गप बसा जरा सगळ्या!" मी ओरडले. "निकेत, त्या माणसाला सांग, मेलेल्या तिघी जवळनं दाखव."

"कशाला मावशी? तीन चालतात."

"सांग म्हटलं ना!"

त्या माणसानं मेलेल्या तीन चिंबोऱ्या कॅमेऱ्यापुढं धरल्या. पांढरी नायलॉनची दोरी. चकचकीत, घट्ट, सुंदर गाठ. बाजाराला उभं करणारी गाठ. ओटीवरच्या सगळ्या जणी मोबाईलकडं सरकल्या. आमच्यात कुणाची गाठ कुठली हे सांगावं लागत नाही.

"त्या माझ्या," मी म्हटलं. "वहिनीनं माझ्या तीन गाठी सोडल्या. मला राग आला. मी गुपचूप नायलॉननं बांधून तळाला घातल्या. चारातल्या तीन जागा मी एकटीनं घालवल्या होत्या. तुमच्या सगळ्यांच्या पोटावर पाय आला असता."

पडद्यावर नेत्राचा हात डोळ्यांपाशी तसाच थांबला होता. मग मी मोबाईल खांबावरनं उचलला आणि तुळशीवहिनीच्या तोंडासमोर धरला. तिनं पदर ओढायचा प्रयत्न केला, मी ओढू दिला नाही.

"आन ह्या जिवंत सदतीस, त्या हिच्या गाठीच्या! सदतिसातल्या सदतीस! एक पण न्हाय मेली. नीट बघून घे निकेत, तुझ्या त्या सिंगापूरवाल्याला पण दाखव. ही तुळशी. माझी जाऊ. हाताला तोड न्हाय म्हणायचं असंल तर हिला म्हण. तुझ्या हापिसात नाव लिहायचं असंल तर हिचं लिही!"

सांगते ते खरं सांगते, छाती काढून मी आयुष्यात खूप वेळा बोलले. पण त्या दिवशी तिचं नाव घेताना माझी छाती जेवढी फुगली होती, तेवढी स्वतःच्या नावानं कधी फुगली नाही. आवाज फाटला, डोळे वाहत होते, तरी मी ओरडत होते.

सिंगापूरच्या त्या माणसाला काय समजलं कोण जाणे. त्यानं टोपी काढली आणि कमरेत वाकून वहिनीला नमस्कार केला. वहिनी लाजली. अडुसष्ट वर्षांची बाई नवरीसारखी लाजली.

रतननं माझ्याकडं बघून मान हलवली. "तू म्हणजे ना किशोरी..." म्हणाली, आणि पुढचं तिनं गिळलं. मला ते सोसायलाच हवं होतं.

निकेत घसा साफ करत म्हणाला, "आजी, पुढच्या वेळी दोनशे पाठवाल? जम..." आणि थांबला. शहाणा झाला होता.

"पाठवू," वहिनी म्हणाली. मग तिनं माझ्या हातातला फोन काढून दिशाकडं दिला आणि पाण्यात राहिलेल्या तीन पट्ट्यांतली एक उचलली. "रडत काय बसलीस? दोनशे म्हणजे जलद हात लागणार. तुझ्यासारखा हात या गावात दुसरा न्हाय, फक्त त्याला ओल धरायला शिकव. जा, हात धू आन बस पुढ्यात."

मी हात धुतले आणि तिच्या पुढ्यात बसले.